पहिली मात्रा मोकळी सोडा

प्रश्न असा आला होता: "आम्ही पुण्यातले पाच जण. जमैकाच्या जुन्या रॉकस्टेडी संगीताच्या धाटणीचं एक मराठी गाणं केलंय. टेम्पो 80, गिटारचे चॉप (आखूड, तुटक फटकारे) जागेवर, ड्रमला वन ड्रॉप हा ठेका, ऑर्गनही जुन्या आवाजाचा. सगळं बरोबर असूनही हीच जुनी शैली नव्यानं वाजवणाऱ्या हल्लीच्या चांगल्या रिव्हायव्हल बँडची गाणी ऐकताना जे सैल, निवांत वाटतं ते आमच्यात येत नाही. आमचं गाणं नुसतं संथ वाटतं. कुठे चुकतंय?" सोबत डेमो होता.

तुमचा डेमो मी सकाळी हेडफोनवर ऐकला, दुपारी गाडीत ऐकला आणि रात्री बेस तेवढा वर उचलून ऐकला. गाणं चांगलं आहे. मुखडा लक्षात राहतो, गायिकेचा आवाज या प्रकाराला शोभतो, गिटारवाल्याचा हात स्वच्छ आहे. अडचण कुठे आहे ते मला रात्री सापडलं. तुमच्या बेसचा प्रत्येक सूर पुढचा सूर सुरू होईपर्यंत वाजत राहतो. सूर कधी सुरू करायचा हे तुमच्या बेसवाल्याला पक्कं माहीत आहे, पण तो कधी संपवायचा याचा विचार त्यानं केलेला नाही.

मी 24 वर्षं बेस वाजवतोय, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रेगे आणि रॉकस्टेडी. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. या संगीतातला निवांतपणा जवळजवळ सगळा बेसचा सूर संपल्यानंतरच्या मोकळ्या जागेत असतो. टेम्पो, जुना ॲम्प, टेपचा आवाज, स्प्रिंग रिव्हर्बचा घुमारा हे सगळं त्याच्यानंतर. तुम्ही सगळ्यात जास्त मेहनत या नंतरच्या गोष्टींवर घेतली आहे.

हे असं का, ते कळायला 1966 च्या किंग्स्टनला, जमैकाच्या राजधानीत, जावं लागेल. जमैका ऑगस्ट 1962 मध्ये स्वतंत्र झाला आणि त्या उमेदीचं संगीत होतं स्का. धावती लय, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनचा मोठा ताफा, आणि खाली उभा बेस, जो प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालत राहायचा. 1965 मध्ये स्काटलाइट्स हा सगळ्यात मोठा ताफा फुटला. 1966 च्या मध्याला लय उतरायला लागली आणि 1968 संपता संपता तीच लय बदलून रेगे झाली. म्हणजे ज्याला आपण रॉकस्टेडी म्हणतो तो सगळा संसार दोन-अडीच वर्षांचा. एवढ्याशा काळात त्या लहानशा बेटावर जी गाणी झाली, त्यांची नक्कल करायला न्यूयॉर्क, लॉस एंजलिस, टोकियो इथली पोरं आजही धडपडतात.

लय का उतरली याची कारणं बरीच सांगितली जातात. त्या वर्षीचा उन्हाळा फार कडक होता, स्कावर रात्रभर नाचणं जमेना, ही हकीकत सगळ्यांत लाडकी. दुसरी हकीकत रूड बॉइजची. खेड्यांतून किंग्स्टनच्या पश्चिम भागात आलेली, हाताला काम नसलेली तरुण पोरं नाचाच्या जागी आपल्या तोऱ्यात, जरा थांबत-थांबत नाचायची आणि संगीतानं त्यांची चाल उचलली. त्या भागात तेव्हा इतका हिंसाचार होता की ऑक्टोबर 1966 मध्ये तिथे आणीबाणी लावावी लागली. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन्ही कारणांत तथ्य असेल. मला स्वतःला वादकाच्या बाजूचं कारण जास्त पटतं. मोठे ब्रासचे ताफे परवडेनासे झाले आणि निर्मात्यांनी छोटे वाद्यवृंद धरले. त्याच सुमाराला उभ्या बेसची जागा इलेक्ट्रिक बेसनं घेतली. उभ्या बेसला गर्दीत ऐकू यायचं तर सतत चालावं लागतं. इलेक्ट्रिक बेसला मागे ॲम्प असतो. तो एक सूर टाकून गप्प बसला तरी त्याची जागा कुणी घेत नाही. बेसला पहिल्यांदाच गप्प बसायची मुभा मिळाली! वर ब्रासचा कल्लोळही उरला नव्हता. त्या मोकळ्या झालेल्या जागेत गाणारे पुढे आले, बेसही गायल्यासारखा वाजू लागला.

होप्टन लुईस यांनी 1966 मध्ये फेडरल स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं 'टेक इट ईझी' हे या लयीच्या अगदी पहिल्या गाण्यांपैकी एक मानतात. स्काच्या वेगात त्यांना शब्द नीट म्हणता येईनात म्हणून लय उतरवली, अशी त्याची हकीकत आहे. तिथे गिटारवर होते लिन टेट. हे मूळचे त्रिनिदादचे, आणि गिटार हातात घेण्याआधी स्टीलपॅन, म्हणजे पोलादी पिंपापासून केलेलं वाद्य, वाजवणारे. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो, कारण तुमच्या गिटारवाल्याला त्यांची गरज आहे. ॲल्टन एलिस या गायकाच्या गाण्यानं या प्रकाराला नाव दिलं. ड्यूक रीड हे निर्माते पूर्वाश्रमीचे पोलीस. बाँड स्ट्रीटवर त्यांचं दारूचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर ट्रेझर आइल नावाचा स्टुडिओ. मला विचाराल तर रॉकस्टेडीचं सगळ्यात देखणं काम त्या लाकडी माडीवर झालं. तिथल्या बहुतेक रेकॉर्डिंगवर बेसला जॅकी जॅक्सन आहेत. तुमच्या बेसवाल्यानं महिनाभर बाकी काही न ऐकता फक्त त्यांना ऐकावं.

आता लयीकडे. मोजण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. तुम्ही 80 म्हणता, दुसरा कुणी त्याच गाण्याला 160 म्हणेल, आणि दोघंही बरोबर असतील. मी जलद मोजणी घेतो कारण समजावायला सोपी पडते. एक-दोन-तीन-चार असं मोजा की गिटारचा चॉप दोन आणि चारवर पडेल. या चार मात्रांचा एक बार. आता ड्रम ऐका. हाय-हॅट (झांजांची जोडी) चालू आहे, पण किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरची काठी दोन्ही मिळून तीनवर पडतात. एकवर ड्रमर काहीच वाजवत नाही. हाच वन ड्रॉप. पहिली मात्रा 'ड्रॉप' केली, म्हणजे सोडून दिली, अशी त्याची फोड बरेच जण करतात.

आपल्याकडच्या वादकाला इथे फार अवघड जातं, आणि याचं कारण आपल्याच तालमीत आहे. लहानपणापासून आपले कान समेवर येऊन टेकायला शिकलेले असतात. केरवा घ्या: धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा या चारच्या मोजणीत बसवल्या तर 'धा' एकवर येतो आणि पाचव्या मात्रेचा 'न', म्हणजे खाली, नेमका तीनवर येतो. आपण जिथे हात हलका करतो तिथे जमैकन ड्रमर सगळं वजन टाकतो, आणि आपण जिथे वजन टाकतो ती जागा तो रिकामी ठेवतो. मी ज्या ज्या ड्रमरना हे शिकवलं त्यांतले तबल्याकडून आलेले लोक एक-दोन दिवसांत तीनवरचा ठोका अचूक मारू लागतात. पण एकवर त्यांच्या शरीरात काहीतरी हलतंच. किकवरचा पाय नाही हलला तरी मान हलते, आणि मान हलली की पुढचा हाय-हॅट किंचित जोरात पडतो. तुमच्या ड्रमरच्या हाय-हॅटला एकवर हाच जोर आहे. हेडफोन लावून मुखड्याचे पहिले चार बार ऐका, स्पष्ट कळेल.

यावर मला कामी आलेला उपाय सांगतो. ड्रमरला खुर्चीत बसवा, हातात काही देऊ नका. गाणं लावा आणि त्याला तीनवर श्वास सोडायला सांगा. एकवर श्वास घेणं आपोआप येतं. दहा मिनिटं. मग ड्रमवर बसवा. ऐकायला साधं वाटतं, पण श्वास सोडण्याची जागा ठरली की अंगाचं वजन तिथे जातं आणि एकवर मान हलायची थांबते. ऐकणाऱ्यालाही गाणं ऐकताना हेच होतं. दर बारला वजन जरा उशिरा, अर्ध्या वाटेवर येऊन टेकतं आणि शरीर तेवढ्यापुरतं खाली बसतं. ते खाली बसणं म्हणजेच तुम्ही ज्याला सैल म्हणता ते.

आता बेस. एक लहानसा तुकडा देतो, स्वतः बसून वाजवा. सी स्केल धरा. पहिल्या बारमध्ये एकवर सा, दोन मोकळा, तीनवर ग, साडेतीनवर प, चारवर ध. दुसऱ्या बारमध्ये एक आणि दोन दोन्ही मोकळे, तीनवर प, चारवर खालचा सा. एवढंच. पहिल्या बारमध्ये ड्रमनं सोडलेल्या एकवर बेस उभा असतो, म्हणून कानाला जमीन लागते. दुसऱ्या बारमध्ये तीही काढून घेतली. ड्रम नाही, बेस नाही. दोन मात्रा वर नुसता हाय-हॅट आणि दोनवर एक चॉप. मग तीनवर सगळे एकदम येतात. हे नीट वाजलं तर पहिल्याच खेपेला ऐकणाऱ्याचे खांदे उतरलेले दिसतात.

आता हाच तुकडा दोन प्रकारे वाजवा. आधी प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत लांबवा. 160 च्या मोजणीत एक मात्रा 375 मिलिसेकंदांची असते, म्हणजे पहिला सा दोन मात्रा भरून पाऊण सेकंद वाजेल. तुमच्या डेमोसारखंच वाजेल: संथ, जड, जरा झोपाळू. मग दुसऱ्यांदा वाजवताना दोनवरचा चॉप पडण्याआधी तार बोटानं दाबून सा थांबवा. चॉपच्या क्षणी खाली काहीही वाजत नसलं पाहिजे. तीनवरचा ग साडेतीनला थांबतोच, पण साडेतीनचा प चारच्या किंचित आधी तोडा. टेम्पो तोच आहे, सूर तेच आहेत, तरी गाणं उठून उभं राहील. चॉपला आता स्वतःची जागा मिळाली. मघाशी तो बेसच्या अंगावर पडत होता, आता मोकळ्या हवेत पडतो.

हे दोन्ही टेक रेकॉर्ड करून एकामागोमाग ऐका. माझं म्हणणं पटायला याहून दुसरं काही लागणार नाही.

तारा कोणत्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण आवाजावरून राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत वळणाच्या, वाटतात. गुळगुळीत वळणाच्या फ्लॅटवाउंड लावा. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजाची एक पट्टी सरकवा, भांडी घासायचा नवा स्पंज कापला तरी चालतो. सूर आपोआप लवकर विरेल आणि डाव्या हाताचं निम्मं काम कमी होईल. पण आधी महिनाभर स्पंजाशिवाय, बोटानं तोडायची सवय करा. स्पंज सगळ्या सुरांना सारखाच आखूड करतो. तुम्हाला हवंय ते एखादा सूर मुद्दाम लांब ठेवणं आणि त्याच्या शेजारचा तोडणं. जॅकी जॅक्सन यांच्या वाजवण्यात किंवा किंग्स्टनच्याच स्टुडिओ वनमध्ये वाजवणाऱ्या लेरॉय सिबल्स यांच्या वाजवण्यात हीच तर मौज आहे. बेसची ओळ ऐकताना कुणीतरी बोलतंय असं वाटतं, कारण बोलणाऱ्यासारखीच ती वाक्य तोडते, दम घेते, मग पुढचं सांगते.

गिटारवाल्याकडे येतो. तुमच्या डेमोत दोन गिटार ऐकू येतात आणि दोन्ही चॉप मारतात. एकाला मोकळं करा. लिन टेट बहुतेकदा तळहातानं तारा दाबून, बेसचीच ओळ वरच्या सप्तकात बेसबरोबर वाजवायचे. स्टीलपॅनवरून आलेली ही लकब आहे, असं सांगतात आणि ऐकताना पटतं: टणक, थेंबाथेंबानं पडणारा, लगेच विरणारा सूर. बेस ऐकू येतो पोटात, ही गिटार ऐकू येते कानात, दोन्ही मिळून एक ओळ होते. छोट्या स्पीकरवर, मोबाइलवर बेस जिथे ऐकूच येत नाही तिथे ही गिटार ती ओळ तुमच्यापर्यंत पोचवते. आजच्या ऐकणाऱ्यासाठी याचं महत्त्व उलट वाढलंय. आणि इथेही तोच नियम: बेस जिथे सूर तोडेल तिथेच गिटारनंही तोडायचा. दोघांनी समोरासमोर बसून, बाकी कुणालाही न घेता तासभर हे करावं.

ऑर्गनबद्दल मात्र कडक सांगतो. काढून टाका, निदान त्याचं ते बुडबुड्यांसारखं सतत चालणं तरी काढा. 'बबल' म्हणतात ती चाल 1968 च्या आसपास, रेगे सुरू झाला तेव्हा पुढे आली. ती ऐकायला सुंदर आहे, मला फार आवडते, पण ती नेमकी त्या मोकळ्या जागा भरायला जन्मली आहे ज्या तुम्हाला मोकळ्या हव्यात. त्याऐवजी पियानोला गिटारच्या चॉपबरोबर दोन-चारवर ठेवा. ऑर्गन हवाच असेल तर मुखड्यामागे लांब धरलेला एखादा सूर द्या, तोही हळू.

आता गाणं. तुमची गायिका प्रत्येक शब्द मात्रेवर आणून ठेवते. शाळेत कविता म्हणताना ठेवतात तसा. रॉकस्टेडीचे गायक अमेरिकन सोल ऐकून घडलेले होते. शिकागोचे इम्प्रेशन्स आणि कर्टिस मेफील्ड यांचा त्या पिढीवर मोठा पगडा होता आणि तीन गळ्यांचे गट, हलके उंच सूर हे त्यांच्याकडूनच आलं. हे गायक ओळ थोडी उशिरा उचलतात. मागे पडत नाहीत, ओळीच्या शेवटी जागेवर येतात. पण सुरुवात करताना घाई नसते. बेसनं सोडलेल्या जागेत उभं राहून मग बोलतात. तुमच्या मुखड्याचा पहिला शब्द एकवर सुरू होतो. तो दोनवरचा चॉप ऐकून मग म्हणायला सांगा. ओळ त्याच जागी संपू दे. मधले शब्द आपोआप जवळ येतील, बोलल्यासारखे होतील आणि मराठी शब्दांना ते फार छान बसतं, कारण आपण बोलताना शब्दाच्या शेवटी जो आधार घेतो तो लांबवायला मिळतो.

आता तुमच्या शब्दांबद्दल थोडं, कारण निवांत वाटणं आणि निवांत विषय असणं यात तुमची गल्लत झाली आहे असं मला वाटतं. तुमचं गाणं सुट्टीच्या दुपारबद्दल आहे. झाड, वारा, चहा. वाईट काही नाही. पण जुनी गाणी ऐका. पॅरागॉन्स या जमैकन गटाचं 'द टाइड इज हाय' घ्या, 1967 चं, जॉन होल्ट यांनी लिहिलेलं, ट्रेझर आइलवरचं. ज्याला डावललं जातंय असा माणूस म्हणतोय की भरती आली आहे, पण मी टिकून राहीन. हा हट्ट आहे, तगमग आहे. ती तो खुर्चीत मागे रेलून सांगतो. ब्लाँडी या अमेरिकन बँडनं 1980 मध्ये हेच गाणं केलं आणि ते अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना किंग्स्टन, ड्यूक रीड काही माहीत नव्हतं. त्यांना पोचला तो घाई न करता सांगितलेला हट्ट. मघाशी आणीबाणीचं सांगितलं ते यासाठीच. बाहेर गोळ्या चालत होत्या. ॲल्टन एलिस तर रूड बॉइजना हे सोडा असं सांगणारी गाणी गात होते. त्या शहरात रात्री नाचाच्या जागी स्पीकरसमोर उभ्या असलेल्या माणसाला ही लय मिळाली, तेव्हा तिच्यातली शांतता कुणीतरी कष्टानं मिळवलेली होती. तुमच्या गाण्यात चहा राहू दे, पण कुणाची तरी वाट पाहत घेतलेला चहा असू दे. मग बेसच्या थांबण्याला काहीतरी धरून ठेवायला मिळेल.

तुम्ही रिव्हायव्हल बँडची तुलना केली म्हणून त्यांच्याबद्दल. लॉस एंजलिसचे हेपकॅट 1989 पासून आणि न्यूयॉर्कचे स्लॅकर्स 1991 पासून हे करत आले. त्यांना ऐकूनच माझ्या पिढीच्या अनेकांना जुन्या गाण्यांची वाट सापडली. पण नव्या काळातलं मला सगळ्यांत जवळचं वाटणारं काम क्वीन्स, न्यूयॉर्कच्या फ्राइटनर्स या चौघांचं आहे. ब्रुकलिनच्या डॅप्टोन या कंपनीनं सप्टेंबर 2016 मध्ये त्यांचा 'नथिंग मोअर टू से' हा अल्बम काढला, निर्माते व्हिक्टर ॲक्सेलरॉड. डॅप्टोन ही जुन्या पद्धतीनं, टेपवर सोल रेकॉर्ड करण्यासाठी नावाजलेली कंपनी, त्यामुळे आवाजाचा जुनेपणा तिथे अपेक्षितच होता. मला धरून ठेवलं ते डॅन क्लाइन यांच्या गाण्यानं. अल्बमचं काम चालू असतानाच त्यांना एएलएस असल्याचं निदान झालं. हा आजार स्नायूंची ताकद काढून घेत जातो, हात, पाय, शेवटी श्वाससुद्धा. अल्बम बाहेर येण्याआधीच, जून 2016 मध्ये, ते गेले. हे माहीत नसताना मी तो अल्बम दोन आठवडे ऐकला होता. उंच, किंचित कापरा आवाज, ओळ उशिरा उचलायची आणि कधीही पूर्ण जोर लावायचा नाही. मला ती शैली वाटली होती. नंतर वाचलं आणि पुन्हा ऐकायला बसलो, तर पहिल्यांदा जे ऐकलं होतं त्यातलं काहीही बदललं नाही, आणि हेच मला फार मोठं वाटतं. त्या आवाजात दया मागणारं काही नाही. खाली बेस तसाच थांबत-थांबत चालला आहे आणि वर हा माणूस घाई न करता त्याला जे सांगायचं ते सांगतो आहे.

हे मी तुम्हाला भारावून टाकायला सांगत नाही. सांगतो, कारण बरेच रिव्हायव्हल बँड जिथे अडकतात ती जागा यातून दिसते. ते जुना आवाज इतका हुबेहूब करतात, अगदी टेपचा भुरभुरीत खरखराट, कोपऱ्यात ठेवलेल्या माइकचा घुमारा, की गाणं प्रदर्शनात ठेवलेल्या भांड्यासारखं होतं. त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. जुन्या लोकांना एक-दोन ट्रॅकवर रेकॉर्ड करावं लागायचं, कारण तेवढेच होते. त्या मर्यादेचा जो फायदा होता तो मात्र आजही घेता येतो: सगळे एका खोलीत बसून, एकमेकांकडे बघत, एकाच वेळी वाजवायचे. कुणी चुकला तर सगळ्यांनी पुन्हा.

तुमचा डेमो तुकड्या-तुकड्यांनी केलेला आहे, क्लिकवर, म्हणजे कानात यंत्राची टिकटिक लावून, आणि नंतर संगणकात ग्रिडच्या, म्हणजे मात्रांच्या, रेषांना चिकटवलेला आहे. ड्रमचे ठोके लहरींच्या चित्रात बघितले तर सुईसारखे रेषेवर असतील. मी क्लिकच्या विरुद्ध नाही. पण या संगीतात ड्रमर आणि बेसवाला एकमेकांपासून केसभर अंतर ठेवून चालतात. बेस किंचित मागे. ते अंतर दर बारला थोडं वेगळं असतं आणि दोघं ते डोळ्यांनी, मानेनं ठरवतात. ग्रिडला चिकटवलं की ते अंतर पुसलं जातं. मग तुम्ही कितीही रिव्हर्ब घाला.

गोव्यात 2016 पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव भरत आला आहे, दिल्लीच्या रेगे राजाज या गटानं सुरू केलेला. तिथे मी एक गोष्ट पाहिली ती सांगतो. रात्र चढलेली, डीजेनं बराच वेळ जोराचं, बेसनं छाती हलवणारं संगीत लावलं होतं, लोक उड्या मारत होते. मग त्यानं मध्येच एक जुनी रॉकस्टेडी लावली. माझ्यासमोर एक मध्यमवयीन बाई आपल्या मुलीबरोबर नाचत होत्या. लय बदलल्यावर त्यांनी दोन बार काहीच केलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मग तिसऱ्या बारला, बरोबर तीनवर, गुडघा किंचित वाकवला. पावलं निम्मी झाली, हात खाली आले. त्यांना वन ड्रॉप ही संज्ञा माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी फक्त बेस थांबण्याची वाट पाहिली आणि त्या थांबण्यात पाय टाकला. तुमच्या गाण्याचा मिक्स झाला की कुणाला तरी असं उभं करून बघा, वादक नसलेल्याला. तो कुठल्या मात्रेवर वाकतो ते बघा. एकवर वाकला तर ड्रमरकडे परत जायचं.

तर या आठवड्यात एवढंच करा: एका खोलीत बेस, ड्रम आणि बेसबरोबर चालणारी एक गिटार. बाकी कुणी नाही, गायिकाही नाही. मुखड्याचे आठ बार तासभर फिरवत राहा, क्लिक न लावता. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. जिथे तिघांपैकी कुणालाही मोकळी जागा अस्वस्थ वाटून काहीतरी भरावंसं वाटेल, तिथे हात उचलून थांबा आणि पुन्हा तेच आठ बार घ्या. गायिकेला पुढच्या आठवड्यात बोलवा. ऑर्गनवाल्याला पियानोवर बसवून त्याच्याही पुढच्या आठवड्यात. नवा टेक झाला की पाठवा, आणि या वेळी बेसचा ट्रॅक वेगळा जोडा.